ठाकुर्लीवर रुसलेला कावळा

"माणूस पारखण्यात माझी चूक होत नाही," असं मधुभाऊ साठये दिवसातून दोनदा म्हणत. एकदा जेवणाआधी आणि एकदा चूक झाल्यावर. एकतीस वर्षं कारखान्यात माल तपासायचं काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, म्हणून माणसं तपासू लागला.

यंदा तपासायचा होता रंगारी. कारण होतं अण्णांची सायकल.

अण्णा म्हणजे मधुभाऊंचे वडील, वजनमापं खात्यातले निरीक्षक. त्यांची सायकल बाजारात वळली की तागड्या आपोआप सरळ होत, असं जुने दुकानदार अजून सांगतात. अण्णांनी आयुष्यात कुणाची टाचणीसुद्धा घेतली नाही हे सगळ्या डोंबिवलीला ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना मधुभाऊ सांगत. अण्णांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. दसऱ्याला ग्राहक मंडळ त्यांच्या नावाने सचोटीचा पुरस्कार सुरू करणार होतं आणि व्यासपीठावर हार घालून उभी राहणार होती तीच सायकल. नवी कोरी दिसली पाहिजे, एवढी एकच अट.

सायकल मात्र डांबरात बुडवून काढल्यासारखी काळी होती. अण्णांनी घरात कधी खिळा ठोकला नाही, पण मधुभाऊ शाळेत असताना एका रविवारी दार लावून, खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला काळा रंग त्यांनी स्वतः तिला फासला होता. घरात ही गोष्ट काटकसरीचा धडा म्हणून सांगितली जायची.

"पितृपक्षात काम टाकतो," मधुभाऊंनी बायकोला, हेमाताईंना, बेत सांगितला. "गणपतीत कारागीर गणपतीचा, दसऱ्याला टेम्पोवाल्यांचा. मधल्या पंधरवड्यात तो फक्त आपला."

"मधल्या पंधरवड्यात तो पितरांचा असतो," हेमाताई म्हणाल्या.

मधुभाऊंनी हसून वही उघडली. तीन दुकानांची नावं लिहिली: वर्तकनगर, मानपाडा, ठाकुर्ली. तिसरं नाव लिहून पेन उचललं, आणि गॅलरीत टिण्ण झालं.

सायकलची घंटी. आतली स्प्रिंग वीस वर्षांपूर्वीच तुटलेली.

"उंदीर," मधुभाऊ म्हणाले.

"घंटी वाजवणारा?" हेमाताईंनी विचारलं आणि देवाजवळचा दिवा थोडा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी चाकं, हँडल सगळं सोडवून मधुभाऊंनी नुसता सांगाडा पांढऱ्या चादरीत गुंडाळला, दोन्ही टोकांना सुतळी बांधली आणि कॅबमध्ये मागच्या सीटवर आडवा ठेवला. डोकं, म्हणजे हँडलची बाजू, स्वतःच्या मांडीवर घेतली. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"काका, ते काय आहे?"

"वडिलांची आहे," मधुभाऊ म्हणाले. त्यांच्या मते उत्तर पूर्ण होतं.

ड्रायव्हरने गाणी बंद केली. वर्तकनगरला उतरवताना त्याने हात जोडले.

वर्तकनगरचं दुकान एसीचं. मालक ऋतुराज, वय तिशीच्या आत, हातात निळे मोजे, बोलणं डॉक्टरासारखं हळू. भिंतीवर जुन्या सायकलींचे सांगाडे आकड्यांना टांगलेले आणि प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. मधुभाऊंना वाटलं, इथे फक्त नातेवाइकांनी ओळख पटवायची बाकी आहे.

ऋतुराजने दिवा बंद केला आणि बारीक टॉर्च सीटखालच्या नळीवर तिरपा धरला. मग म्हणाला, "काका, हिच्या खाली अजून कोणीतरी आहे."

"कोण?"

"ते रंग काढल्याशिवाय कळणार नाही. काढू?"

मधुभाऊ अंधाराला घाबरत नव्हते, पण अंधारात कुणी परवानगी मागितलेली त्यांना आवडत नसे. "विचार करून सांगतो," असं म्हणत त्यांनी चादर गुंडाळली. वहीत लिहिलं: 'वर्तकनगर. स्वच्छता उत्तम. मुलगा हुशार, पण नको तिथे टॉर्च मारतो.'

ठाकुर्लीचं दुकान म्हणजे एका जुन्या चाळीच्या पोटातली लांबट खोली. उन्हाचा तुकडा उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलेला. आत टर्पेंटाइनचा वास, रंगाचे डबे आणि अगदी मागे भिंतीला टेकून, गोणपाटात नखशिखांत गुंडाळलेलं काहीतरी उभं. विठ्ठल पेंटर, वय सत्तरीपलीकडे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोर्ड रंगवणं सुटलं होतं, पण सायकलींवरच्या सोनेरी रेघा तो अजून बोटांच्या अंदाजाने ओढत असे.

त्याने सांगाडा मांडीवर घेतला आणि आजारी जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवला. एकदम हात थांबला.

"पॅडलच्या वर, डाव्या अंगाला, करंगळीएवढा पोचा असंल," तो म्हणाला. हात तिथे पोचलाही नव्हता.

मधुभाऊंनी वाकून बघितलं. होता.

"ही डावीकडं ओढती. सरळ चालवली तरी."

ओढायची. अण्णांचा डावा खांदा त्यापायी आयुष्यभर उतरलेला राहिला होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

पेंटरने पांढुरक्या डोळ्यांनी मधुभाऊंच्या डोक्याच्या थोडं वर कुठेतरी बघितलं. "मालक कुठं हायत?"

"वारले. दीड वर्ष झालं."

"अच्छा," विठ्ठल हळूच हसला. "म्हणून आली होय. ठेवून जा. हिची जागा इथंच हाय."

मागच्या गोणपाटात काहीतरी करकरलं. मधुभाऊ सांगाडा उचलून असे निघाले की चादर तिथेच राहिली. घरी येऊन त्यांनी लिहिलं: 'ठाकुर्ली. अनुभव दांडगा. माणूस जरा पलीकडचा.'

उरलं मानपाडा. एमआयडीसीतला तानाजीचा पत्र्याचा शेड. इथे केमिकलने जुना रंग उतरवत, रंगाची पावडर मारत आणि मग सांगाडे आकड्याला लटकवून एकेक भट्टीत सरकवत. दार बंद, लाल दिवा, घर्रर्र. दीड वर्षापूर्वी असंच दार बंद होताना मधुभाऊंनी पाहिलं होतं, तेव्हाही बाहेर असाच लाल दिवा होता. पण तानाजीने सायकल कोणाची, मालक कुठे आहे, खाली कोण आहे, यातलं काहीच विचारलं नाही.

"कलर कुठला, शेठ?"

"मूळचा. गडद हिरवा."

"बुधवारी फोन करतो."

एवढ्या तुटक बोलण्यावर मधुभाऊ बेहद्द खूश झाले. 'मानपाडा. प्रश्न विचारत नाही. पसंत.'

बुधवारी अण्णांची तिथी होती. मधुभाऊंची बहीण शालूताई कल्याणहून वडे करायला आली. भटजी जेवले, पान वाढलं आणि भर दुपारी तिघं गच्चीवर गेली. कठड्यावर पान ठेवलं: भात, खीर, वडे, आळूची भाजी. कावळा पाण्याच्या टाकीवर बसलेला होता. एकच, पण थोराड. पानाकडे बघत होता आणि हलत नव्हता.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. ऊन डोक्यात शिरायला लागलं.

"इच्छा राहिलीय," शालूताई पदराने वारा घेत म्हणाली. "दादा, सांग त्यांना, मुलांचं नीट करीन."

"मुलं पुण्यात आहेत, नीट आहेत."

सांगितलं तरी. कावळा हलला नाही. शालूताईला सांभाळीन. हलला नाही. गावच्या देवीची ओटी भरीन. कावळ्याने मान फिरवली.

"सायकलचं विचारा," हेमाताई हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी घंटी वाजली होती."

मधुभाऊंनी हात जोडले. माल तपासणीच्या माणसाने कावळ्यापुढे दरपत्रकं मांडायची हा प्रसंग त्यांच्या नोकरीत कधी आला नव्हता. "अण्णा, सायकल वर्तकनगरला देऊ?"

कावळा टाकीवरून उडून ॲन्टेनावर बसला. म्हणजे तीन हात लांब.

"मानपाड्याला दिलीय, चालेल?"

शेजारच्या बिल्डिंगच्या कठड्यावर.

"बरं, ठाकुर्लीला? विठ्ठल पेंटरकडे?"

कावळा अशा काही आवाजात ओरडला की शालूताईने हेमाताईंचा हात धरला. मग तो सरळ उडाला तो पार नाल्यापलीकडच्या माडावर जाऊन बसला.

"ठाकुर्ली मुळीच नको असं दिसतंय," हेमाताई म्हणाल्या.

गच्चीवर वारा पडला होता. खिरीवर साय धरत होती. "अण्णा," मधुभाऊ म्हणाले, आणि आता ते खरंच अण्णांशी बोलत होते. "तुमचा रंग तुमच्या हातचा आहे. तो खरवडत नाही. एक कपचीसुद्धा काढत नाही. आहे तशी काळी ठेवतो. झालं?"

माडावरून काळी रेघ सरळ पानावर उतरली. कावळ्याने वडा उचलला. शालूताई रडायला लागली. हेमाताईंनी डोळे मिटले.

मधुभाऊंचा फोन वाजला.

"शेठ, तानाजी बोलतोय, मानपाड्यावरून. सकाळी केमिकल मारलं. काळा सगळा उतरला."

मधुभाऊंनी वर बघितलं. कावळा चोचीत वडा धरून, न गिळता, त्यांच्याकडेच बघत होता.

"खाली हिरवा आहे, ओरिजनल. आणि सीटखाली पिवळ्या अक्षरात नाव निघालंय. पक्ष चालू आहे, कुणाचं नाव विचारल्याशिवाय पुसत नाय मी. पुसू का?"

"पुसू नको. अण्णांचंच नाव आहे ते. ग. वि. साठये."

"नाय ओ शेठ," तानाजी म्हणाला. "विठ्ठल पेंटर, ठाकुर्ली, असं लिहिलंय."

मधुभाऊ कठड्याला टेकून खाली बसले. बंद दार, तो रविवार, तो काळा रंग. डोंबिवलीत टाचणी न घेणारा माणूस कधीतरी कुणाची आख्खी सायकल घेऊन आला होता. आणि पंधरा-वीस दिवसांत ती, नाव उघडं पडलेली, सचोटीच्या पुरस्काराला व्यासपीठावर उभी राहायची होती.

संध्याकाळी ते सांगाडा घेऊन ठाकुर्लीला गेले. या वेळी चादर नव्हती. झाकायचं काही उरलं नव्हतं.

"चूक झाली," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "आमच्या वडिलांकडून."

"झाली ना. स्टेशनच्या सायकल स्टँडवर," विठ्ठल पेंटर शांतपणे म्हणाला. "लाइट गेलेली. दोघांच्या सायकली हिरव्या, कुलपं एका कंपनीची. त्या वेळच्या किल्ल्या कुठल्याबी कुलपाला लागायच्या. तुझा बाप माझी घेऊन गेला. मी आलो, तर त्याची उभी होती."

"मग तुम्ही ओरडला नाहीत?"

"मी कशाला ओरडू? माझी तिसऱ्या हातची, डावीकडं ओढणारी. त्याची सहा महिन्यांची, करकरीत. चूक त्याची, फायदा माझा."

त्याने मागे जाऊन गोणपाट ओढलं. आत तेलपाणी करून जपलेली गडद हिरवी सायकल होती, आणि सीटखाली सुबक पिवळं अक्षर: ग. वि. साठये.

"तुम्ही नाव पुसलं नाहीत?"

"ते मीच लिहिलेलं. चांगलं अक्षर पुसवत नाय." पेंटरने गोणपाटाची घडी घातली. "रस्त्यात तुझा बाप दिसला की मी बोळात शिरायचो. इन्स्पेक्टर माणूस, परत मागंल म्हणून. आणि मी दिसलो की तो सायकलवरून उतरून मान खाली घालून चालायचा. मला वाटायचं, मला मान देतोय."

मधुभाऊंनी हिशेब केला. चूक कबूल करायची लाज वाटून चाळीस वर्षांहून जास्त काळ अण्णा स्वतःला चोर समजत होते, आणि सौद्यात बुडाले होते तेही अण्णाच.

सायकली बदलल्या. विठ्ठलने आपल्या सांगाड्यावर हिरवा रंग आणि सोनेरी रेघा स्वतः ओढल्या, चाकं बसवली. आणि दसऱ्याला व्यासपीठावर अण्णांची खरी सायकल हार घालून उभी राहिली. अध्यक्ष गहिवरले. "एवढी वर्षं रोज वापरली, पण एक ओरखडा नाही. वस्तू कशी जपावी, हे अण्णांकडून शिकावं." पहिल्या रांगेत बसलेल्या विठ्ठल पेंटरने नम्रपणे मान लववली.

कार्यक्रम संपला. कार्यकर्त्यांनी सायकल उतरवून फाटकाशी, विठ्ठलने ढकलत आणलेल्या सायकलशेजारी लावली. गर्दीत कुणाकुणाशी हात मिळवत, सोनं घेत मधुभाऊंनी खिशातली किल्ली लावली, टांग टाकली आणि छाती काढून निघाले. माणूस पारखण्यात शेवटी चूक झाली नाही, असं वाऱ्याला सांगत.

घरी हेमाताई ओवाळायला निरांजन घेऊन खाली आल्या. सायकलला हळदकुंकू लावताना त्या सीटपाशी थांबल्या.

"अहो, वाटेत ही डावीकडे ओढत होती का?"

मधुभाऊ चष्मा पुसत वाकले. सोनेरी रेघांच्या मधोमध ताजं पिवळं अक्षर होतं. विठ्ठल पेंटर, ठाकुर्ली.

पार्किंगच्या पत्र्यावर काहीतरी जड येऊन बसल्याचा आवाज झाला. दोघांनीही वर बघितलं नाही.

"हेमा," थोड्या वेळाने मधुभाऊ म्हणाले, "आपल्याकडे खिडक्यांचा काळा रंग उरलाय का गं?"