शेवटल्या पंगतीचे झाडेजी

लग्नात पहिल्या पंगतीत जागा मिळावी म्हणून माणसं काय काय करतात, ते मी सांगायला नको. अक्षता पडायच्या आधीच निम्म्या मांडवाचा डोळा पत्रावळींच्या गठ्ठ्यावर असतो. मी स्वतः एकदा प्रत्यक्ष नवरदेवाच्या पायावर पाय देऊन पहिली पंगत गाठलेली आहे. पण आमच्या नालवाडीत नामदेवराव झाडे नावाचे एक गृहस्थ राहत. यजमानाने हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं, तर ते फणकाऱ्याने उठून जात.

"पयल्या पंगतीले कोनीबी वाढते. मी शेवटल्या पंगतीत बसन. त्याच्याबिगर लग्नाचा ग्रेड समजत नाई."

आणि खरोखरच, दुपारी बाराचं लग्न असलं तरी झाडेजी चार-साडेचारपर्यंत मांडवाच्या खांबाला टेकून उपाशीपोटी सुपारी चघळत बसायचे. आचारी, बँडवाले, भांडी घासणाऱ्या बाया, घरच्या सुना अशी सगळ्यात शेवटची पंगत बसली की हे तिच्यात जाऊन मांडी घालत. जेवून, हात धुऊन, मांडवाच्या मधोमध उभे राहत आणि निकाल जाहीर करत. सुपर, फेअर किंवा कवडी.

हे शब्द कापसाच्या बाजारातले. झाडेजी वर्ध्याच्या कापूस बाजारात ग्रेडर होते. गाडी आली की कापसाची प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. उत्तम तो सुपर, बरा तो फेअर, आणि किडका, डागाळलेला ती कवडी. आता कापसाच्या गाडीत वरचा थर नेहमीच पांढराशुभ्र असतो. खाली काय आहे ते गाडीवाला जाणे आणि त्याचा देव जाणे. झाडेजी वरच्या कापसाकडे ढुंकूनही पाहत नसत. बाही सारून कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचे आणि तळातला मूठभर कापूस ओढून काढायचे. चोवीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचा उजवा हात कुठेही खाली खाली जाऊ लागला होता. किराणा दुकानात शेंगदाण्याच्या पोत्यात तो हात कोपरापर्यंत गेला की दुकानदार डोळे मिटून घ्यायचा.

आष्टीच्या एस्टीत पुढे जागा असली तरी झाडेजी मागच्या शेवटच्या बाकावर बसत. "ड्रायव्हरच्या मांगं बसलं की समदेच रस्ते चांगले वाटतेत." तिथून ते डोक्याने टपाला धडका देत प्रवास करत आणि उतरल्यावर कंडक्टरला सांगत, "तळेगावापावतर फेअर. पुढं कवडी." कंडक्टर बिचारा मान डोलवायचा. एकदा माझ्या मावसभावासाठी मुलगी पाहायला आम्ही त्यांना घेऊन गेलो. सगळे ओसरीवर पोहे खात मुलीची वाट पाहतायत आणि झाडेजींचा पत्ता नाही. सापडले ते मागच्या गोठ्यात. तिथे एक म्हातारा, कामातून गेलेला बैल बांधला होता आणि झाडेजी त्याच्या गव्हाणीतली पेंड तळापासून उपसून पाहत होते. बाहेर येऊन मुलीच्या बापासमोरच म्हणाले, "म्हाताऱ्या बैलाले ढेप भेटते. पोरगी करून टाका." ते लग्न झालं आणि उत्तम चाललं. मावसभाऊ मात्र बायकोला अजून सांगू शकलेला नाही की तिला पसंत कोणत्या मुद्द्यावर केलं.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. नवीन नवीन होतो, त्यामुळे विषय मला फार येत असे. एके दिवशी पेपरात जगातल्या देशांचा श्रीमंतीचा तक्ता छापून आला. कोणता देश कितवा, ओळीने. आपला देश शोधायला बोट बरंच खाली न्यावं लागत होतं. पानठेल्यावर मी तो तक्ता उघडून चार लोकांना ज्ञान देत होतो, तेवढ्यात झाडेजी सायकलवरून उतरले.

"हे नंबर कोनं काढले?"

"मोठमोठ्या तज्ज्ञांनी."

"ते कोनत्या पंगतीले बसले होते?"

मी त्यांना दरडोई उत्पन्न समजावून सांगितलं. देशाची सगळी कमाई एकत्र करायची आणि माणसांच्या संख्येने भागायची. झाडेजींनी सुपारी गालात सरकवली.

"म्हंजे गाडीत वरता कापूस कोरडा, खालता ओला, अन् तुमी लिवून टाकलं का गाडी दमट हाय?"

चौघे हसले. मी म्हणालो, "तसं नाही. समजा, हा पहिल्या नंबरचा देश. तिथे तेल निघतं. लोक सोन्याच्या नळाला हात धुतात."

"नळ घासते कोन?"

"म्हणजे?"

"अवो, सोन्याचा नळ हाय त घासा लागन ना! ते घासनारी बाई घरी जाऊन काय खाते? ते लिवलं हाय का तुमच्या कागदात?"

तक्त्यात तेवढी सोय नव्हती. मी म्हणालो की त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागतो. "मंग करा ना, बाप्पा," असं म्हणून त्यांनी सायकलवर टांग मारली. त्या दिवसापासून मी कॉलेजातून येताना दिसलो की ते लांबूनच ओरडायचे, "काय मास्तर, लागला का पत्ता नळवालीचा?" पुढे माझे विद्यार्थीही वर्गात मागून हळूच हाच प्रश्न विचारू लागले. मी झाडेजींवर मनातल्या मनात दात ठेवून होतो.

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील नव्हते, कर्ता मीच. आणि माझ्या जिवाला घोर लागला तो वऱ्हाडाचा नाही, झाडेजींच्या ग्रेडचा! कारण त्यांचा शब्द गावात वर्षानुवर्षं टिकायचा. आमच्या गल्लीतल्या एका घराला त्यांनी कधीकाळी कवडी दिली होती, तर त्या घरचं पोस्टकार्ड आलं की पोस्टमन अजूनही "कवडीवाले!" अशी हाक मारायचा. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला कवडी मिळाली असती, तर मला बदलीच मागावी लागली असती.

साखर तेव्हा परमिटवर होती. तहसिलीत चार खेटे घालून जेवढी मिळाली तेवढ्याच जिलब्या निघणार होत्या. मी बेत आखला. पहिल्या दोन पंगती वराकडच्या, त्यांना आग्रह करकरून वाढायचं. पुढे हात आखडायचा. शेवटच्या पंगतीला जिलबी उरणार नव्हती, वरणही पाणी घालून पुरवावं लागणार होतं. पण त्यात बसणारा, ज्याच्या शब्दाला किंमत होती असा माणूस एकच. म्हणून मी कोठीत टोपल्याखाली एक ताट झाकून ठेवलं. सात जिलब्या, वाटीभर घट्ट वरण, तुपाची लोटी. वरचा थर पांढराशुभ्र करायला मीही शिकलो होतो.

वराकडची मंडळी खूश झाली. व्याह्यांनी ढेकर देऊन मला मिठी मारली. चार वाजता शेवटची पंगत बसली. झाडेजी खांब सोडून उठले आणि आचाऱ्याशेजारी बसले. समोरच्या ओळीत भांडी घासणारी गिरजा आणि तिच्याजवळ माझी आई. पहाटे तीनपासून राबून ती आत्ता टेकली होती. मी लगबगीने झाकलेलं ताट आणलं आणि झाडेजींच्या पत्रावळीवर जिलब्या मांडल्या. वरण वाढलं. तूप सोडलं. झाडेजींनी पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शक्य तितका निरागस चेहरा केला.

मग त्यांनी समोर पाहिलं. आईच्या पत्रावळीवर भात होता आणि त्यावर वरण. वरण असं, की त्याच्यातून पत्रावळीच्या काड्या दिसत होत्या. कडेला मीठ. भाजी संपलेली होती.

झाडेजी उठले. अजून घासाला हात लावला नव्हता. दोन्ही हातांनी त्यांनी आपली भरलेली पत्रावळ उचलली, आईसमोर ठेवली आणि आईची उचलून आपल्या जागी आणली. आई "अवो भाऊजी, हे काय, हे काय!" म्हणत अर्धी उठली.

"बसा वहिनी. गिरजाबाईले बी त्यातली जिलबी द्या," ते म्हणाले आणि मुकाट्याने तो पांढरा भात जेवू लागले.

जेवण झालं. हात धुतले. सगळा मांडव ग्रेडची वाट पाहत थांबला. झाडेजींनी टोपी डोक्यावर ठेवली, सायकल घेतली आणि एक शब्द न बोलता निघून गेले. असं आजवर झालं नव्हतं. कवडी परवडली असती, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तावातावाने त्यांच्या घरी गेलो. चुलीवर वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, चढवलेला होता आणि झाडेजी एकटेच त्यात पळी फिरवत बसले होते. मी दारातूनच सुरू केलं. चारचौघांत माझी शोभा केली, आईला अवघडल्यासारखं झालं, आणि ग्रेड काय तो तोंडावर द्यायचा होता!

"कोनत्या तोंडानं देऊ, मास्तर?" ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. त्यांनी पळी खाली ठेवली.

"आमची मंडळी गेली तेव्हा तुमी नालवाडीत नव्हते. माही नोकरी सरकारी, घरात दुभती म्हैस, डब्यात तूप. या गल्लीत माह्या घराचा नंबर पयला होता, तुमच्या त्या तेलवाल्या देशावानी. दवाखान्यात डॉक्टर म्हने, बाईच्या अंगात रक्त नाई, इले खायले भेटत नाई काय? म्या त्याच्याशी भांडन केलं. म्हटलं, कोनाच्या घरच्या बाईले म्हनून राह्यले तुमी? तपासून पाहा म्हटलं, घरात काय कमी हाय!" त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "कमी काईच नव्हतं. पन मी जेवाचो, पाव्हने जेवाचे, गडी जेवाचा, मंग ते बसे. गंजात काय उरे, म्या कधी पायलंच नाई. आख्ख्या जिल्ह्याच्या गाड्यायत कोपरापावतर हात घातला, मास्तर. घरच्या गंजात नाई घातला."

मला फार लाज वाटत होती. कारण आई रोज शेवटी काय जेवते, हे मलाही माहीत नव्हतं, आणि मी तर जगाचे तक्ते पाठ करून बसलो होतो.

"आता बरं हाय," झाडेजी गंजाकडे पाहत म्हणाले. "एकच पंगत. पयली बी माही, शेवटली बी माहीच."

पुढच्याच रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. आईने दोन पाट मांडले, एक त्यांचा, एक माझा. झाडेजी उभेच.

"वहिनी, आंधी तुमी बसा."

"अवो, मी बसन ना मांगून. तुमी जेवा."

"मंग मी बी मांगूनच बसतो. मले सवय हाय. चार वाजेपावतर थांबीन."

ते थांबले असते, याबद्दल आईलाही शंका नव्हती. ती संकोचत माझ्या पाटावर बसली. मी वाढायला घेतलं, तर झाडेजींनी माझ्या हातातली पळी काढून घेतली, बाही सारली आणि पळी थेट गंजाच्या तळाशी घातली. खालचं घट्ट, वाफाळतं वरण त्यांनी आईच्या भातावर वाढलं. आईने पदर सावरत पहिला घास घेतला. मग दुसरा. मग माझ्याकडे पाहून, जरा नवल वाटल्यासारखी म्हणाली, "गरम वरन निराळंच लागते नाई रे?"

झाडेजींनी पळी गंजात ठेवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. थोड्या वेळाने, मांडवाच्या मधोमध उभं राहून म्हणत तसं नाही, पण मला ऐकू येईल इतपत म्हणाले, "सुपर."