ओकांचा खुणेचा रकाना

विश्वनाथ ओकांच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर तीन चिठ्ठ्या आहेत. ‘साखर’, ‘गोड’ आणि ‘चहाला लागते ती’. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “घरात तुम्ही एकटे. साखर कुठे आहे, हे तुम्हाला माहीत नाही?”

“मला आहे हो. पण उद्या कुणी आलं तर काय मनात धरून शोधेल, सांगता येतं का?”

कोण येणार होतं कुणास ठाऊक.

माझं कर्जतला चष्म्याचं दुकान आहे. ओक साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, निवृत्त झाल्यावर माझ्या काउंटरला आले. त्याच सुमारास मी गिऱ्हाइकांच्या नोंदींसाठी सॉफ्टवेअर घेतलं होतं. नाव टाइप केलं की खाली यादी यावी, एवढीच माझी अपेक्षा. ओकांची अपेक्षा एवढ्यावर भागणारी नव्हती. त्यांनी सर्चच्या सेटिंगचं पान उघडलं आणि महिनाभर त्यातून बाहेर आले नाहीत. कशावरून शोधायचं, यादीत कुठले रकाने दिसायचे, कुठला आधी, कुठला नंतर. सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीच्या नंबरवर बसणारी बाई त्यांचा आवाज ऐकला की आधी पाणी पिऊन येत असावी.

“बाई, नावाने माणूस सापडत नाही,” ओक मला समजवायचे. “आपल्याकडे सुरेश पाटील किती? खूण हवी.”

आणि त्यांनी यादीत ‘खूण’ असा एक रकाना जोडून घेतला. त्यातल्या नोंदी मी मोकळ्या वेळात वाचायची. ‘चष्म्यावर चष्मा घालून येतात.’ ‘बाहेर बकरी बांधतात.’ ‘घासाघीस नवरा करतो, घेते बायको.’ एका प्रतिष्ठित डॉक्टरांपुढे लिहिलं होतं, ‘स्वतःला दिसतं असं म्हणतात.’ ते डॉक्टर एकदा काउंटरवर ओणवून स्क्रीनकडे पाहायला लागले, तेव्हा मी हातातली फाइल मध्ये धरली. सुदैवाने त्यांना खरंच दिसत नव्हतं.

पण यादी लांबत गेली. ‘पार’ एवढंच टाइप केलं, की डोंगरातल्या एका वाडीवरचे सगळे पारधी खाली उतरायचे, आणि बऱ्याच जणांपुढे मोबाइल नंबर एकच. मला पसारा खपत नाही. ओक भाच्याच्या वास्तुशांतीला शेलूला गेले होते, त्या दिवशी मीच सेटिंग उघडलं. ‘एका मोबाइल नंबरला एकच नोंद दाखवा’ अशी सोय होती. मी तिथे टिक केली, जतन केलं. यादी कशी आटोपशीर झाली! ओकांना काही बोलले नाही. बोलले असते तर व्याख्यान ऐकावं लागलं असतं.

दोन आठवड्यांनी चांगुणा पारधी दुकानात आली. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात ती तांदूळ निवडते.

“ताई, माजा चष्मा आला काय?”

मी नाव टाकलं. यादी कोरी. “तुमचं नावच नाही यात.”

“नाव कसं नाय? मी हाय ना हितं!”

“चष्मा करायला टाकला होता का नक्की?”

“ह्या काकांनीच डोळं तपासायला बसवलं व्हतं. भातात दोन येळा खडं निघालं ताई. आता परत निघाला तर येऊ नको, बोलल्या मोठ्या बाई. उद्या हजेरी हाय माजी.”

ओक चहाचा कप तसाच ठेवून आले. त्यांनी यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. “सेटिंगला कोणी हात लावला?”

“मी,” म्हटलं. नाकारण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी ती टिक काढली आणि ‘पार’ टाइप केलं. लगेच एका काळू पारधीमागून आणखी दहा जण बाहेर आले. काळूचा चष्मा केव्हाच गेला होता, म्हणून तयार चष्म्यांच्या यादीत वाडीचं कुणीच दिसत नव्हतं. चांगुणाच्या नावापुढे ‘तयार’ असं मीच, पावतीच्या क्रमांकावरून, माझ्या हाताने भरलं होतं. चष्मा नऊ दिवस माझ्या खणात पडून होता.

“मला वाटलं, हिच्या चष्म्याचा नंबर किचकट आहे, मुंबईहून काचा यायच्यात अजून,” ओक पुटपुटले.

चांगुणाने चष्मा चढवला. मग पदराची गाठ सोडून मूठभर तांदूळ काउंटरच्या काचेवर पसरला. घरूनच आणला होता, आमची परीक्षा घ्यायला. बोटं भराभर चालली. एक खडा, दोन, तीन.

“झालं?” मी विचारलं.

“थांबा गं ताई. त्यो काकांच्या कोपरापाशी चवथा.”

मला तो अजूनही दिसला नव्हता.

अकरा जणांचा तो मोबाइल नंबर मात्र आता दिसला. नीट वाचला, तर तो तोंडपाठ असल्यासारखा वाटला. मी फोन उचलून लावला. ओकांच्या शर्टाच्या खिशात घंटा वाजली.

“अहो, त्यांच्याकडे फोन कुठे असतात?” ओक कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. “आणि मोबाइलचा रकाना रिकामा ठेवला, तर पुढचं पान उघडत नाही. मग माझाच घातला.”

“आणि चष्मा तयार झाला की कळवतं कोण?”

“कळवायचं काय त्यात. रविवारी घेऊन जातो वर. नाकावर नीट बसवून देतो.”

“दर रविवारी?”

“यादीत नाव असेल तर. गेले दोन रविवार नव्हतं कुणी.” ते काचेवरचे खडे एका कागदात गोळा करू लागले. “मला वाटलं, बाकी सगळ्यांना दिसायला लागलं. घरीच होतो.”

भरपाई म्हणून मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. मोबाइलच्या रकान्याची सक्ती काढता येते का, विचारलं. बाई म्हणाली, एका मिनिटाचं काम आहे.

ओकांनी हातानेच नको नको केलं. “राहू द्या हो. एवढी काय घाई आहे?”

“अहो, उगाच तुमचा नंबर लोकांना...”

“राहू द्या.”

मी त्या बाईला म्हटलं, मग बघू, आणि फोन ठेवला. चांगुणाने निवडलेला तांदूळ परत पदरात बांधला आणि दारापर्यंत जाऊन वळली.

“काका, ह्या रविवारी चष्मा नसला तरी या. दुपारचंच या. भात घालते, बघा एक खडा गावतोय काय.”

ओकांनी खिशातून पेन काढलं, आणि काय लिहावं ते न सुचून परत ठेवलं. “येतो,” म्हणाले.