आखाजीला वीस गाड्या

सुरतमधल्या लिंबायतचं गरनाळं म्हणजे रेल्वेच्या रुळांखालून जाणारा बुटका रस्ता. त्याच्या तोंडाशी ट्रॅफिकचे एक जमादार उभे असायचे. त्यांना बघून बाकीचे मोटारसायकलवाले बाजूच्या गल्लीत वळायचे. नथ्थूआप्पांची फटफटी दिसली की मात्र जमादारच पानाच्या टपरीमागे जाऊन उभे राहायचे.

याचं कारण असं, की आप्पा रोज सकाळी त्यांच्यासमोर गाडी स्टँडला लावत, खिशातून लायसन्स, गाडीचं पुस्तक आणि विम्याचा कागद काढून टाकीवर पत्त्यांसारखे मांडत आणि म्हणत, "चेक करो, साहेब."

"अरे काका, काले तो जोयुं!" कालच तर बघितले, म्हणून जमादार वैतागत.

"काले कालचं जोयुं. आजचं कोण जोशे? रोज तपासून घ्यायचा अमारो हक छे!"

हे सगळं आप्पा सर्वसाधारण आवाजात बोलत. पण त्यांनी पंचवीसेक वर्षं लूमच्या खात्यात मुकादमकी केली होती. शेकडो मागांच्या खडखडाटात बोलायची सवय झालेल्या माणसाचा सर्वसाधारण आवाज म्हणजे आपल्याला भांडण वाटतं. पाच मिनिटांत गर्दी जमायची. मग जमादार घाईघाईने कागदांवरून नजर फिरवत, हात जोडत, आणि आप्पा समाधानाने किक मारायला लागत. ती फटफटी कोणत्या कंपनीची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टाकीवरचं नाव केव्हाच उडालं होतं आणि तिथे आप्पांनी लाल रंगात लिहून घेतलं होतं : "दुचाकी चालक हक्क समिती, लिंबायत शाखा. अध्यक्ष."

मी पारोळ्याहून बी.ए. होऊन सुरतला आलो, ती प्लेगनंतरची सुरत होती. रस्ते रुंद होत होते, सकाळी झाडू फिरत होते. मराठी माध्यमाच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली, पण एकट्या पोराला कुणी खोली देईना. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिलाच. त्याचं कौतुक आमच्या आईला होतं, सुरतच्या घरमालकांना असण्याचं कारण नव्हतं. नथ्थूआप्पांना मात्र होतं. मी पदवीचं नाव काढताच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "गाडी शे?"

"नाही. सायकल आहे."

"चाकं किती?"

"दोन."

"मग दुचाकीच ना, भो! बिगर इंजनची. खोली वर शे. आजपासून तू शाखेचा सेक्रेटरी."

अशी मला खोली आणि पद एकाच दिवशी मिळालं. घरात आप्पा अहिराणी बोलत, बाहेर जमेल ते. माझी ओळख करून देताना ते माझं नाव कधीच सांगत नसत. "आमचा ग्रॅज्युएट सेक्रेटरी," एवढंच. ते ऐकून मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

समितीचं मुख्य कार्यालय वडोदऱ्याला होतं. लिंबायत शाखेचं कार्यालय म्हणजे आप्पांची ओसरी. तिथे दर रविवारी सभा भरायची. आमचा सर्वांत मोठा लढा चावीचा. गाडी अडवली की काही शिपाई आधी इंजिनाची चावी काढून खिशात घालत, मग बोलणं सुरू करत. आप्पा म्हणत, "दंड कर, पावती दे, पण चावीले हात लावू नको. चावी मनी शे." म्हणजे चावी माझी. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. मागाचं चिवट सूत घेऊन चावी मनगटाला बांधायची. चावी न्यायची तर चालकालाच न्यावं लागेल! काही महिन्यांत आमच्या भागात मनगटाला सूत बांधलेली माणसं दिसायला लागली. बाहेरचे लोक त्यांना एखाद्या महाराजांचे भक्त समजत.

दुसरा लढा गतिरोधकांचा. रात्रपाळी सुटून पेंगत येणारे कारागीर न रंगवलेल्या गतिरोधकावर उडत. आप्पांनी अर्ज वगैरे केले नाहीत. चुन्याची बादली आणली आणि भर रस्त्यात बसून स्वतः पट्टे ओढले. पट्टे वाकडे आले, कारण मधूनमधून उठून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना हक्क समजावून सांगत होते. लिंबायतपासून डिंडोलीपर्यंत न रंगवलेला एकही गतिरोधक उरला नाही. घरी आल्यावर मिशीला लागलेला चुना पुसत म्हणाले, "मास्तर, मंजुळा ऱ्हाती तं म्हनती, घरले कवय चुना लावशी?"

घराला चुना कधी लावणार, असं विचारणारी ही मंजुळाकाकू म्हणजे त्यांची बायको. मी येण्याच्या दोन वर्षं आधी ती गेली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्याबद्दल आप्पा इतकंच बोलत, तेही चुन्याच्या निमित्ताने.

तर अशी आमची शाखा सुखाने चालली असताना वडोदऱ्याहून फोन आला. आप्पा कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये जाऊन अर्धा तास ओरडून आले. काचेचं दार बंद होतं, तरी "हा साहेब, जरूर साहेब" एवढं आम्हाला ओसरीवर ऐकू आलं. परत आले ते गंभीर चेहऱ्याने. मुख्य कार्यालयाने लहान शाखा बंद करायचं ठरवलं होतं. त्यांचे हर्षदभाई पाहणीला येणार होते. त्यांना दारात वीस सभासद आपापल्या गाड्यांसह दिसले तर शाखा राहणार, नाहीतर आम्ही उधना शाखेत विलीन.

"उधना?" आप्पा म्हणाले. "तठला अध्यक्ष स्कूटर चालावस! स्कूटरवाला आपला अध्यक्ष?"

"पण येणार कधी?" मी विचारलं.

"आखाजीले."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तो आम्हा खानदेशी माणसांचा दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात, घरोघरी आमरस आणि उपड्या मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी. त्या दोन-चार दिवसांत लिंबायतची अर्धी कुलपं लागलेली असतात. अमळनेर, नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. आमचे सगळे सभासद खानदेशी. मीसुद्धा दरवर्षी जातच होतो.

"आप्पा, आखाजीला इथे कोण असणार? तारीख बदलून मागा ना!"

"मोठा लोकेस्नी तारीख शे ती. बदलत नही."

"मग शाखा गेली म्हणून समजा."

"काबरं घाबरस? येतीन लोके."

आप्पा कुणालाच घाबरत नसत, पण या वेळी त्यांना झोप लागत नव्हती हे मला वरच्या खोलीतून कळत होतं. त्यांचं कुशीवर वळणंसुद्धा मोठ्या आवाजाचं होतं. शाखेशिवाय आप्पा काय करतील, याची मला कल्पनाच करवेना. मी पारोळ्याला निरोप पाठवला, या वर्षी येत नाही. आई रागावली. तिने उलट निरोप धाडला, "तिकडे असं कोण लागून गेलंय तुझं?" मी कळवलं, अध्यक्ष आहेत.

मग आम्ही गाड्या शोधायला निघालो. खानदेशी सोडून जो दिसेल तो सभासद. आप्पा गंजमकडच्या उडिया कारागिरांच्या खोल्यांवर गेले आणि त्यांना हिंदीत चावीचा लढा समजावून सांगितला. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण आमरसाचं कळलं. परभणीकडची शेवंताबाई आमच्या गल्लीत राहायची. नवरा बांधकामावर मुकादम, त्याची लूना होती. आप्पा तिच्या दारात जाऊन म्हणाले, "बाई, तुमच्याकडे आखाजीला गावी जायची रीत नाही ना?"

"आमी पाडव्याला जातो की. आता कुठलं?"

"मग नवरा आणि लूना द्या एक दिवस."

"नवरा न्या हवा तेवढे दिवस," शेवंताबाई म्हणाली. "लूना दुपारच्याला परत पाहिजे."

पुरणपोळ्या करायचंही तिनेच कबूल केलं. खापर मात्र तिला जमेना. "तव्यावरच्या करीन. खायच्या तर खा, नाहीतर जा तुमच्या खानदेशात." आप्पा म्हणाले, चालेल.

आखाजीचा दिवस उजाडला. गल्लीत इतकी शांतता होती की नळाचं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. ओळीने कुलपं. आप्पा पहाटेच न्हाऊन पांढरा सदरा घालून ओसरीवर उभे होते. आत पाटावर एक भरलेली घागर होती आणि तिच्यावर आंबा. त्यांनी ती मला दाखवली नाही, मीही विचारलं नाही.

दहाच्या सुमाराला लूना आली. मग उडिया कारागीर आले, एकेका मोटारसायकलवर तिघे-तिघे. आप्पांनी ओरडून त्यांना एकामागे एक असं उभं केलं आणि दर गाडीला एकच सभासद, बाकीचे पाहुणे, असं जाहीर केलं. मग दूधवाला आला, दोन्हीकडे रिकामे कॅन लटकवून. मग अंडीवाला. कुणी टक्के म्हणजे कापडाचे तागे पोचवणारा मोपेडवर गठ्ठे तसेच घेऊन आला, कारण त्याला पुढे भेस्तानला जायचं होतं. हर्षदभाई अकराला पोचले. चष्मा लावलेले, शांत गृहस्थ. त्यांनी ओळीवरून एक चक्कर मारली.

"आ बधा सभासद छे?"

"आजथी छे, आजपासून!" आप्पा म्हणाले.

हर्षदभाई हसले नाहीत. त्यांनी गाड्या मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. माझ्या सायकलीकडे आप्पांनी आशेने बोट दाखवलं, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. आप्पांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक मोपेड वळली. वर साध्या शर्टात गरनाळ्यावरचे जमादार, आणि मागे त्यांच्या बाई, हातात मिठाईचा पुडा. "काका, रोज तुम्ही माझ्याकडे येता," जमादार गुजरातीत म्हणाले, "आज सुट्टी आहे, म्हटलं आपण जाऊ."

विसावी गाडी! मी टाळ्याच वाजवणार होतो. पण आप्पा पुढे झाले, मोपेडसमोर उभे राहिले आणि हात पुढे करून म्हणाले, "लायसन्स?"

जमादारांनी वरचा खिसा चाचपला. मग मागचा. मग बायकोकडे बघितलं. "वर्दीमां रही गयुं," ते हळूच म्हणाले.

शाखेचा जीव त्या मोपेडवर होता. आप्पांनी वर आभाळाकडे बघितलं, जमादारांकडे बघितलं, आणि मनाला फार लागलंय अशा आवाजात म्हणाले, "आज सणाचा दिवस छे. जवा दो."

लिंबायत शाखा राहिली. सगळे ओसरीवर आणि खाली गल्लीत पंगतीला बसले. शेवंताबाईच्या तव्यावरच्या पोळ्या खानदेशी नव्हत्या, पण आप्पा सोडले तर तक्रार करायला खानदेशी माणूस तिथे नव्हता. मी होतो, मी सहा खाल्ल्या. आप्पा स्वतः आमरस वाढत फिरत होते. "बठ, बठ, हात काबरं आडवा धरस?" असं उडिया पोरांना अहिराणीत दटावत होते आणि तीही पोरं वाटी पुढे करत होती.

जेवण झाल्यावर नळावर हात धुताना हर्षदभाई मला म्हणाले, "मास्तरसाहेब, तुमचे अध्यक्ष फार जिद्दी. आम्ही तर पुढचा रविवार सांगितला होता. सणाला कोण पाहणी करतं? घरी माझी पण बायको रागावली. पण हे ऐकेनातच. म्हणाले, यायचं तर अखातीजलाच या, आणि जेवल्याशिवाय जायचं नाही."

मी हात धुवायचं विसरलो. आखाजीला दारात माणसं असावीत म्हणून आप्पांनी आपली शाखाच पणाला लावली होती. मी आल्यापासूनच्या सगळ्या आखाज्या मला आठवल्या. दर वर्षी पिशवी खांद्याला लावून मी जिना उतरायचो आणि आप्पा ओसरीवरून म्हणायचे, "जाय, जाय, गाडी चुकी." मी मागे वळून कधी बघितलं नव्हतं. वळून बघण्यासारखं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

ओसरीवर परत गेलो तेव्हा आप्पा हर्षदभाईंना विचारत होते, "पाहणी आता दरवर्षी राहील ना, साहेब?"

"नहीं रे, काका. हो गया. अब पाँच-सात साल कोई नहीं आएगा."

"अच्छा," आप्पा म्हणाले. त्यांच्या मानाने हे फारच हळू होतं. शेजारी बसलेल्या जमादारांनाही ऐकू आलं नाही.

मी उभा राहिलो. भाषण करायची मला कधीच सवय नव्हती. शाळेतही मी खुर्ची धरून बोलतो. "सेक्रेटरी म्हणून मी एक ठराव मांडतो," मी म्हणालो. "लिंबायत शाखेची वार्षिक सभा यापुढे दरवर्षी आखाजीलाच, अध्यक्षांच्या घरी व्हावी. जेवणासह."

जेवणासह म्हटल्यावर विरोध कोण करणार! उडिया कारागिरांनी दोन्ही हात वर केले. शेवंताबाई सभासद नव्हती, तरी स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "पुढल्या साली खापर आणून ठिवा, मी शिकते."

आप्पांकडे सगळे बघत होते. अध्यक्षांनी दोन शब्द बोलायची रीत असते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि "गाड्या उनमां तपी ऱ्हायन्यात," असं काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरून गेले.

बाहेर रणरणत्या उन्हात वीस गाड्या ओळीने उभ्या होत्या. आप्पा एकेका गाडीपाशी जाऊन पंच्याने तिची सीट पुसत होते. दूधवाल्याची, अंडीवाल्याची, जमादारांची. ओळ संपली तेव्हा ते पुन्हा पहिल्या गाडीपाशी आले आणि पुन्हा पुसायला लागले.

हर्षदभाईंची वडोदऱ्याची गाडी होती, टक्केवाल्याला भेस्तान गाठायचं होतं, लूना तर दुपारीच परत करायची होती. पण आप्पा वर येईपर्यंत कुणीच उठलं नाही.