चोवीस नंबरचं पोर्ट

सोन्याने एंटर दाबलं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली.

चाळिशी उलटली, पोट सुटलं, ऑफिसातलं अख्खं नेटवर्क एकट्याच्या हाती आलं, तरी आईच्या लेखी तो सोन्याच. तिचा पाय प्लास्टरमध्ये, घरात तिसरं माणूस नाही. म्हणून त्याने साहेबांच्या हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मागितली होती. "आजचा दिवस बघू," साहेब म्हणाले होते. "काही अडलं, तर उद्यापासून मुकाट्याने ऑफिसात यायचं."

अडण्यासारखं काही नव्हतंच. घरून ऑफिसातल्या स्विचमध्ये, म्हणजे सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या पेटीत, शिरायचं, सकाळभर कमांड द्यायच्या आणि शेवटी मोडक्या प्रिंटरची वायर खोचलेलं तेवीस नंबरचं पोर्ट बंद करायचं. 'शटडाउन' लिहिलं की झालं. पण गडबडीत त्याने तेविसाच्या जागी चोवीस लिहिलं. बाहेरचं इंटरनेट ऑफिसात येत होतं ते नेमकं चोवीसमधून, आणि सोन्या स्वतःही तिथूनच आत शिरला होता.

"काय रे, तोंड का पडलं?" पलंगावरून आईने विचारलं.

"आई, मी स्वतःलाच बाहेर काढलं गं."

"मग जा की परत आत."

"दार उघडायची कमांड आतूनच द्यावी लागते!"

"म्हणजे आतून कडी लावलीस आणि बाहेर उभा राहिलास?" आईने कपाळावर हात मारला. "लहानपणी शाळेच्या संडासात अडकायचास, तेव्हा निदान आत तरी असायचास."

तेवढ्यात साहेबांचा फोन आलाच. "अरे, सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसलंय! झालं काय?"

लाइनवाल्यांवर ढकलून मोकळं व्हावं, असं क्षणभर सोन्याच्या मनात आलं. उद्या ऑफिसात जावं लागलं, तर आईला उठवून बसवणार कोण? पण आई टक लावून बघत होती. तिच्यादेखत खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"साहेब, चूक माझीच. भलतंच पोर्ट बंद केलं."

"मग आता?"

आणि सोन्याला आठवलं, कमांड सेव्ह करायची राहिलीच होती! सेव्ह केल्याशिवाय स्विच काही कायमचं लक्षात ठेवत नाही. वीज गेली की नवं शिकवलेलं सगळं विसरतो. याच हलगर्जीपणाबद्दल तो इतरांना फैलावर घ्यायचा. आज तोच कामी आला.

"साहेब, कपाटातल्या स्विचची पिन काढा आणि परत लावा."

"मी? अरे, कपाटावर पाटी आहे, 'साहेबांनीसुद्धा हात लावू नये'. तूच लावलीस ना?"

"आजच्या दिवस लावा हो, पाया पडतो."

फोनवर बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग टाळ्या.

"चालू झालं! मी केलं!" साहेबांचा आवाज आनंदाने फुलला होता. "एवढंच असतं होय रे तुझं काम? मग तू इथे हवास कशाला? बस आईजवळ. इथलं मी बघतो."

सोन्याचे डोळे भरून आले. खरं बोलून निभावलं, याचंच त्याला नवल वाटत होतं. आईला पाणी देऊन तो पुन्हा कामाला बसला. सकाळच्या सगळ्या कमांड पहिल्यापासून दिल्या. 'तेवीस' पुन्हा पुन्हा वाचून मगच बंद केलं. आता फक्त सेव्ह. त्याने पहिलं अक्षर दाबलं आणि स्क्रीन थिजली.

फोन वाजला.

"नेट जरा हळू वाटलं," साहेब खुशीत म्हणाले, "म्हणून मीच पिन काढून लावली. तू अगदी निश्चिंत राहा."

सोन्याने आईकडे पाहिलं. आईने प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं.

"उपकार झाले, साहेब," सोन्या म्हणाला आणि पहिल्या कमांडपासून सुरुवात केली.