लिमाला वेळेवर

तेओफिलो पोमानं डोंगरातल्या तार्माहून राजधानी लिमाला जायचा बेत आखला एका दिवसाचा, पण धास्ती घेतली महिनाभराची. धाकट्या मुलासाठी, विल्डरसाठी, लिमातल्या मुलीला मागणी घालायची होती. थोरल्याच्या मागणीला हे कुटुंब तीन तास उशिरा पोहोचलं होतं आणि तिथले व्याही अजून दर नाताळात तो किस्सा नव्या पाहुण्यांना ऐकवत. पुन्हा तसली शोभा नको, एवढीच तेओफिलोची देवाकडे मागणी होती.

“बाबा, रविवारी एक वाजता,” विल्डर लिमाहून फोनवर म्हणाला. “या वेळी उशीर झाला तर मी सांगेन, मला आईबाप नाहीत.”

“एक म्हणजे एक!” तेओफिलोनं फोन ठेवला आणि तो विचारात पडला. त्याची बायको फिदेन्सिया घरातून निघायची म्हणजे आधी टोपी सापडायची नाही, मग कोंबड्यांना दाणे, मग शेजारणीचा निरोप. त्यानं मनातल्या मनात दोन तास कापले.

“अकराला बोलावलंय,” तो तिला म्हणाला.

“सकाळी अकराला? लिमाची माणसं तेव्हा उठतात तरी का?”

“मोठ्या लोकांना असं विचारायचं नसतं.”

फिदेन्सियाही कच्च्या गुरूची चेली नव्हती. गाडी होती निकानोरची, म्हणजे विल्डरच्या धर्मपित्याची. गेल्या वेळी घाटात गाडी बिघडली असं तो सांगे. पण वाटेत तो तळलेला मासा खायला थांबला होता, हे गावाला ठाऊक होतं. तिनं त्याला दटावून सांगितलं, “निकानोरभाऊ, नऊला हजर व्हायचंय हं तिथं.”

निकानोरला गेल्या वेळचं मनाला लागलेलंच होतं. रविवारी त्यानं वाटेत कुठं पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. त्यात घाटात ना दरड, ना ट्रकची रांग. पावणेनऊला गाडी मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी उभी.

“घ्या वहिनी! पंधरा मिनिटं आधी!”

“कशाच्या आधी?” तेओफिलो दचकला. “नऊ कुणी सांगितलं?”

“मी,” फिदेन्सिया पुटपुटली. “खरं म्हणजे अकरा.”

तेओफिलो खिडकीबाहेर पाहत राहिला. “खरं म्हणजे एक.”

उशिरा जाणं वाईट खरं, पण चार तास आधी दार वाजवून घरच्या बाईला केसांत रोलर लावलेल्या अवस्थेत गाठणं त्याहून वाईट. तिला तेओफिलो जन्मात तोंड दाखवू शकला नसता. मागच्या सीटवर चीज होतं, बटाटे होते आणि त्याच्या शेतातल्या पांढऱ्या लिली होत्या.

“फुलं माना टाकायला लागली हो,” फिदेन्सिया रडकुंडीला आली. “कुठूनतरी पाणी बघा!”

तेओफिलो फुलं कवटाळून कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरला. रांगेत पुढे एक गोल गरगरीत गृहस्थ सपाता आणि पायजम्यात उभे होते.

“गावाकडचे का?” त्यांनी मागं वळून विचारलं.

“तार्माचे.”

“अरे वा! आमच्याकडे आज तार्माचेच पाहुणे येतायत, मुलीला मागणी घालायला. पण राग मानू नका हं, तुमची माणसं वेळेला जरा... कार्यक्रम पाचला आहे, तर बायकोनं तीनच सांगितलंय.”

तेओफिलोच्या डोक्यात प्रकाश पडला. तीनचा एक विल्डरनं केला होता. पोटच्या पोरानं!

“फुलं झकास आहेत. कुणाला?”

“तुमच्या बायकोला.”

गृहस्थांच्या हातातला पाव खाली पडला. हेच मुलीचे वडील, हेर्मानसाहेब. त्यांनी आधी तेओफिलोकडे पाहिलं, मग स्वतःच्या सपातांकडे.

“आत्ता घरी येऊ नका हो, तुमच्या पाया पडतो! पडदे काढलेत तिनं धुवायला. तुम्हाला बघितलं तर ती माझंच धुणं काढेल.”

“पण ही फुलं...”

“बादली आणून देतो, गुपचूप. आणि पाचलाही नका येऊ, साडेपाचला या. पाचला ती कधीच तयार नसते. यातलं एक अक्षर कुठं बोलू नका!”

तेओफिलोनं शब्द दिला. मग दिवसभर मंडळी बागेजवळ गाडीत बसून राहिली. पाव आणायच्या निमित्तानं हेर्मानसाहेब दोनदा येऊन चीज खाऊन गेले. एक वाजल्यापासून विल्डरचे फोन सुरू झाले. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून तेओफिलो दर वेळी “पोहोचतोच” एवढंच म्हणे.

बरोबर साडेपाचला त्यांनी घंटी वाजवली. दारात मुलीची आई, आम्पारोबाई, नटूनथटून उभी होती. मागं विल्डर मान खाली घालून उभा होता.

“आलात एकदाचे!” बाई म्हणाल्या. “मी तर चारपासून तयार होऊन बसलेय. तीन सांगितलं होतं, तीन! तार्माची माणसं म्हणजे अशीच, मी म्हणतच होते.”

तेओफिलोचा चेहरा उतरला. आता हा दुसरा किस्सा, आणि तोही लिमातला! सूटबूट घातलेले हेर्मानसाहेब छताकडे टक लावून पाहत होते. फुलं शेवटच्या क्षणापर्यंत ताजी राहावीत म्हणून निकानोर ती बादलीसकट घेऊन आला होता. त्यानं ती पुढं केली.

“अगंबाई, किती ताजी!” आम्पारोबाई वास घ्यायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. बादली पिवळी होती आणि तिच्या कडीला हिरवी दोरी बांधलेली होती.

“ही तर माझी बादली! सकाळपासून शोधतेय मी. तुमच्याकडे कशी आली?”

सगळ्यांच्या नजरा हेर्मानसाहेबांकडे वळल्या. विल्डरनंही मान वर केली. तेओफिलोनं टोपी काढून छातीशी धरली. शब्द दिला होता खरा, पण थोरल्याची मागणीही त्याला आठवत होती.

“पावणेनऊला आलोय आम्ही, बाई,” तो म्हणाला.