सर बसले की सगळे मागे

"फुटबॉल काय बदलतोय? चेंडू तेव्हाही गोल होता, आजही गोलच आहे," असं म्हणत शिट्टीसरांनी सोळा वर्षांनी कपाटातून शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. आवाज आला नाही. आतून एक झुरळ आलं.

तरी सरांची उमेद तसूभरही कमी झाली नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ती कमी होतच जाते.

त्याचं काय झालं, छापखान्याची फुटबॉल टीम लीगमध्ये शेवटून पहिली होती. आधीचा कोच मोसमाच्या मध्यावर "येतो जरा" म्हणून गेला तो गेलाच. मॅनेजरनं सांगून टाकलं होतं, शेवटची मॅच हरलात तर टीम बंद आणि मैदानावर कागदाचं गोदाम. बरोबरी केलीत तरी वाचाल. मग टीमचा गोलकीपर, जो छापखान्यात प्रूफं तपासतो, तो टीमच्या जुन्या कोचकडे, म्हणजे सरांच्या घरी गेला. सर तेव्हा आरामखुर्चीत बसून खुर्चीलाच कंटाळले होते. सोळा वर्षांत त्यांचा सल्ला कुणी घेतला नव्हता. घरात विचारलं जायचं ते एवढंच, की पंखा बंद करू का. कोच व्हाल का म्हटल्यावर ते तिथल्या तिथे हो म्हणाले.

काकू, म्हणजे सरांची बायको, भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुडघ्याला विचारलंत का?"

"गुडघा माझं ऐकतो," सर म्हणाले.

आता सरांची एक जुनी पद्धत होती. मैदानावर ओरडायचं नाही, कारण ओरडलं की समोरच्यालाही ऐकू जातं. त्याऐवजी खुणा. सर बाकावर बसले की सगळे मागे, गोल राखायचा. सरांनी टोपी काढली की सगळे पुढे, गोलकीपरसुद्धा. सर पाणी प्यायले की दहा नंबरवाला बाहेर आणि राखीव खेळाडू आत. खुणा अगदी पक्क्या, कारण त्या काळी सर एरवी मॅचभर बसायचेच नाहीत, टोपी फक्त झोपताना काढायचे आणि पाणी मॅच संपल्यावर प्यायचे. चुकून खूण व्हायचा प्रश्नच नव्हता.

प्रूफरीडरनं हे सगळं कागदावर उतरवलं आणि टीमकडून घोकून घेतलं. हा माणूस असा, की किराणाच्या यादीत स्वल्पविराम घालून ती बायकोला परत देतो. लिहिलंय म्हणजे लिहिलंय!

मॅच होती बस डेपोच्या टीमशी. डेपोवाले एकेक असे आडवेतिडवे, की वळायलाच अर्धं मैदान लागावं. ऊन मी म्हणत होतं. सर कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले, अगदी सोळा वर्षांपूर्वीसारखे. हे ताठपण चार मिनिटं टिकलं. मग गुडघ्यात अशी कळ आली, की सर मटकन बाकावर बसले.

आणि छापखान्याचे अकराच्या अकरा जण पळत सुटले ते थेट आपल्या गोलसमोर!

सरांना कळेना. काय बिघडलं ते बघायला ते उठले, तर सगळे पुन्हा जागेवर. हुश्श करून बसले, तर सगळे पुन्हा मागे. असं पाच-सहा वेळा झालं. हातपंप मारावा तशी टीम खालीवर होत होती. सरांच्या मनात आलं, पोरांचा दम संपलाय, सारखी घराकडे धावतायत.

या धावपळीत दहा नंबरवाला मशिनमन मुळात आळशी असल्यानं मागे यायला उशीर करायचा. एकदा तो असाच पुढे एकटा राहिला, प्रूफरीडरनं लांबलचक किक मारली आणि मशिनमननं चक्क गोल केला. एक-शून्य! आनंदानं सरांची छाती धडधडायला लागली. धडधडायला लागली म्हणून त्यांना रक्तदाबाची गोळी आठवली. त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि वर पाण्याचे दोन घोट घेतले.

मशिनमन मान खाली घालून मैदानाबाहेर आला. या लीगमध्ये बाहेर आलेल्याला परत आत जाता येत नाही.

"लागलं का रे?" सरांनी कळवळून विचारलं.

"लागलं थोडं," मशिनमन म्हणाला, "पण मनाला, सर."

हाफ टाइमला पाचच मिनिटं होती. सरांच्या डोक्यावरून घामाच्या धारा लागल्या. त्यांनी टोपी काढली आणि वारा घ्यायला लागले. त्याबरोबर टीम पुढे धावली. प्रूफरीडर सगळ्यात पुढे, हातमोजे घालून. डेपोच्या एका ड्रायव्हरनं चेंडू घेतला, रिकाम्या गोलपर्यंत निवांत चालत नेला, इकडेतिकडे बघितलं आणि आत ढकलला. एक-एक.

हाफ टाइमला सर तणतणत आले. तेवढ्यात प्रूफरीडरनं मोज्यातून कागद काढला. प्रत्येक खुणेपुढे लाल पेननं मिनिट लिहिलेलं.

"एकही खूण सोडली नाही, सर. फक्त ती टोपी कशासाठी होती, ते नाही कळलं."

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. सगळा उलगडा झाला आणि सोळा वर्षं एकदम अंगावर आल्यासारखी वाटली. "अरे, मला गरम होत होतं" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण मागे मॅनेजर उभा होता, कान टवकारून. खुणा रद्द म्हणावं तर कारण सांगावं लागणार. कारण एकच, म्हातारपण. आणि ते सांगितलं की पुन्हा ती आरामखुर्ची.

"डावपेच होता," सर म्हणाले. "आता खुणा कमी करू."

दुसऱ्या हाफला सर विजेच्या खांबासारखे उभे राहिले. बसायचं नाही, टोपीला हात लावायचा नाही, पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. नाकावर माशी बसली, तिला बसू दिलं. माशी तरी बसतेय याचा त्यांना हेवा वाटला. गुडघ्याचं भरीत झालं होतं. समोरची मॅच कधीच अंधूक झाली होती, सर नुसते मिनिटं मोजत होते. डेपोवाले आता बससारखेच अंगावर येत होते. दोनदा चेंडू गोलच्या खांबाला लागून परत आला.

शेवटची दहा मिनिटं उरली आणि कुंपणाजवळ बसलेल्या काकू उठून सरळ सरांपाशी आल्या.

"बसा."

"नको."

"पाय थरथरतोय तुमचा."

"थरथरू दे. मी बसलो तर सगळे..."

"अहो, बसा म्हणते ना!"

चाळीस वर्षांच्या संसारात या सुरापुढे सर कधी उभे राहिले नव्हते. आजही नाही राहिले. ते बसले. अकरा जण गोलसमोर जमा झाले आणि असे चिकटून उभे राहिले, की बाइंडरनं पाठीला डिंक लावलाय की काय. दहा मिनिटं डेपोवाल्यांनी त्या भिंतीवर चेंडू बडवला. शिट्टी झाली. एक-एक. टीम वाचली!

मॅनेजर धावत आला, काय वेळेवर बसलात म्हणून सरांचा हात हातात घेऊन हलवत राहिला. तो गेल्यावर सरांनी टीमला जवळ बोलावलं. उसनं अवसान आता पुरे झालं होतं.

"एक सांगतो रे. ते शेवटचं बसणं माझं नव्हतं."

लगेच प्रूफरीडर बोलला.

"माहितीय, सर. हाफ टाइमला टोपीचा उलगडा होईना, म्हणून मी काकूंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, उकडत होतं. मग त्यांनाच सांगून ठेवलं, शेवटची दहा मिनिटं राहिली की सरांना बसवा."

सरांनी काकूंकडे बघितलं. काकू पिशवीतून गुडघ्याचं मलम शोधत होत्या.

पुढच्या मोसमासाठी छापखान्याचं पत्र आलं. सरांनी ते घाईघाईनं फोडलं. मुख्य कोच म्हणून सरांचं नाव होतंच. खाली प्रूफरीडरनं लाल पेननं एक ओळ वाढवली होती : काकू येत असतील तरच.