मलप्पामामांची खातरजमा

आमच्या गल्लीत बातमी सांगणं हे अंगमेहनतीचं काम होतं. इतर ठिकाणी माणूस बातमी सांगतो, पानाची पिंक टाकतो आणि पुढे जातो. आमच्याकडे कुणी बातमी सांगितली की मलप्पामामा ओट्यावरून उठायचे, टोपी घालायचे आणि विचारायचे, "तू सोता बघितलास?" नाही म्हटलं की त्यांची सायकल बाहेर निघायची. "मग चल की. बघून येऊ."

पहिला तडाखा शंकर टेलरला बसला. कुंभारीला पाच पायांचं वासरू झालंय, असं त्यानं काजं करता करता चारचौघांत सांगितलं. मामांनी त्याला कॅरियरवर बसवलं आणि भर चैत्राच्या उन्हात कुंभारीला नेलं. वासराला पाय चारच निघाले. मामांनी ते शंकरकडून दोनदा मोजून घेतले. वासरू बघायला थेट सोलापुरातून माणसं आली म्हणून मालक खूश झाला आणि त्यानं दोघांना ताक पाजलं. येताना चढावर शंकरला उतरून सायकल ढकलावी लागली. पुढं कित्येक दिवस तो कुठल्याच जनावराविषयी बोलला नाही. नळावरच्या बायकासुद्धा तोंड उघडण्याआधी मामांच्या ओट्याकडे एकदा बघून घ्यायच्या.

मामा अक्कलकोटकडचे. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि सगळा जन्म गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम म्हणून मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे कानात सांगायची गोष्टही ते ओरडून सांगत. आता निवृत्त झाले होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बातम्यांची खातरजमा हा त्यांचा एक छंद. दुसरा म्हणजे, तोंड पाडून एकटं बसलेलं माणूस त्यांना बघवत नसे. असा कुणी दिसला की ते त्याच्या मांडीवर ज्वारीनं भरलेलं सूप आणून ठेवत. "निवड. हात रिकामं ऱ्हायलं की डोस्कं खडं गोळा करतंय." सासूशी भांडलेल्या सुना, नापास झालेली पोरं, गिरणीतून कमी केलेले कामगार, सगळे त्या ओट्यावर ज्वारी निवडून गेले होते. मामांच्या भाकरीत खडा लागल्याचं मी कधी ऐकलं नाही.

ते सूप एक दिवस माझ्याही मांडीवर आलं. मी बी.कॉम. होऊन दीड वर्ष घरी बसलो होतो. वडील शाळेत मास्तर. ते मला काही बोलत नसत, फक्त जेवताना माझ्याकडे बघत नसत. ते बोलण्यापेक्षा लागायचं. मामांनी सूप ठेवलं तेव्हा मी मूठभर ज्वारी कशीबशी निवडली आणि पळालो. पदवीधरानं दारात बसून धान्य निवडायचं म्हणजे काय!

पळालो तो भाऊसाहेबांच्या खोलीवर. हे भाऊसाहेब बाहेरून आलेले होते, पेठेत एक खोली घेऊन राहत आणि संध्याकाळी पोरांना जमवून बोलत. तिथं मला सूप नव्हे, खुर्ची मिळायची. ते मला 'सुधाकरराव' म्हणत. माझी नोकरी कुणी खाल्ली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनी. पलीकडच्या गल्लीत तेव्हा तीन बँडवाले, दोन पिंजारी आणि एक गवंडी राहत होते. यांतल्या कुणी माझी बँकेतली कारकुनी कशी खाल्ली, हे मी विचारलं नाही. रागाला एवढे प्रश्न सुचत नाहीत. खरं सांगायचं तर मला तो राग आवडायला लागला होता. दीड वर्षात पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगाचा होतो.

मग तो मे महिन्यातला दिवस उजाडला. सकाळी सकाळी बोंब उठली की पलीकडच्यांनी पाण्याच्या टाकीत विष कालवलंय. आमच्या बायकांनी भरलेले हंडे गटारात ओतले. सोलापूरचा उन्हाळा, एक दिवसाआड पाणी, आणि गल्लीत प्यायला घोट नाही. दुपारी भाऊसाहेबांचा निरोप आला, "सुधाकरराव, सहा वाजता दहा पोरं घेऊन या. हात हलवत येऊ नका." मी घरातली काठी काढली. आईनं विचारलं कशाला, तर म्हटलं साप निघालाय.

काठी घेऊन निघालो तो ओट्यावर मामा.

"कुटं?"

मी ताठ मानेनं सगळं सांगितलं.

"तू सोता बघितलास?"

"मामा, सगळे सांगतायत."

"सगळ्यांनी बघितलं?" टोपी डोक्यावर गेली. "चल की मग. काठी बी घे. म्हातारा हाय मी, टेकायला हुईल."

अशा रीतीनं ज्या गल्लीवर चाल करून जायचं होतं तिथं मी मामांना हाताला धरून घेऊन गेलो. कोपऱ्यावर माझ्याच वयाची सात-आठ पोरं उभी होती. त्यांच्याही हातात काठ्या होत्या. मामा त्यांच्यासमोर सरळ जाऊन उभे राहिले आणि गिरणीतल्या आवाजात म्हणाले, "पोरांनो, पानी हाय का रं प्यायला?"

त्यांच्यातला रशीद नावाचा पोरगा पुढं झाला. त्याचे ओठ सुकून पांढरे पडले होते. "पानी? तुमारी गल्ली के लोगां टाकी में जहर डाले, सुबे से एक घोट नै पिये हम. और तुम पानी पूछते?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग रशीदकडे, आणि तिथंच पायरीवर बसून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दोन्ही गल्ल्यांत त्या दिवशी पाणी तेवढंच काय ते निघालं. "यानं न्हाय बघितलं, तू बी न्हाय. चला सगळीजन."

टाकी दोन्ही गल्ल्यांना एकच. तिथला पहारेकरी उपरणं तोंडावर घेऊन झोपला होता. त्याला उठवल्यावर तो आमच्यावरच चिडला. "टाकीचं झाकन गंजून बसलंय, कुलपाची किल्ली सायबाकडं. मलाच उघडंना, तर तुमी काय इख टाकणार?" मामांनी खालची तोटी सोडली, ओंजळ लावली आणि घटाघटा प्यायले. मग भिंतीला टेकून बसले. मी आणि ती पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिलो. मामा मधून मधून म्हणायचे, "जित्ता हाय अजून." थोड्या वेळानं ते बोलायचे थांबले आणि त्यांची मान कलली. रशीद ओरडला, मी त्यांचे खांदे धरून हलवले. मामांनी एक डोळा उघडला. "दुपारचा डोळा लागतोय रं मला. पिवा की आता, का मुहूर्त बघायचाय?"

मग आम्ही प्यायलो. काठ्या भिंतीला लावल्या, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवलं, पहारेकऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. रशीदही पदवीधर निघाला, बी.ए., दोन वर्षं घरी. त्याची नोकरी कुणी खाल्ली असं त्याला सांगितलं होतं, हे मी विचारलं तेव्हा तो ओशाळून हसला. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं. सहा वाजले तेव्हा आम्ही दोघं मामांच्या ओट्यावर ज्वारी निवडत होतो. रशीदचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.

मामांची एक गोष्ट मात्र आम्हाला कुणालाच कळत नसे. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी ते हातात पुडकं घेऊन एकटेच रेल्वेनं जात. कुणी विचारलं तर म्हणत, "हितंच." एका रविवारी मी स्टेशनवर त्यांच्या मागं डब्यात चढलो. ते रागावले, पण गाडी सुटली होती.

कुर्डुवाडी गेल्यावर बोलले. त्यांना बसू नावाचा धाकटा भाऊ होता. "गिरनीत कोनतरी सांगितलं, आपल्या मानसाला तिकडच्यांनी मारून टाकलं. मी घरी येऊन जेवताना बोललो. बसू ताटावरनं उठला, तिकडच्या एकाचं डोस्कं फोडला आन् तसाच पळाला. ज्याला मारलं म्हनत व्हते ना, त्यो दुसऱ्या दिशी कामावर आला. दाढ दुखत व्हती म्हनून घरी बसलावता." मामांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "डोस्कं फुटलं त्यो बी वाचला. बसूला ह्ये ठावंच न्हाय. तेवढं सांगायचं हाय त्याला."

केमच्या एका कुंकवाच्या कारखान्यात बसूसारखा डावा खांदा पाडून चालणारा माणूस आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही गेलो. माणूस होता, खांदाही तसाच होता, पण बसू नव्हता. मामांनी त्याला नीट निरखलं, मग शेजारी बसून पुडकं सोडलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, बसूच्या आवडीची. ती त्या माणसाला खाऊ घातली. गाव कुठलं, घरी कोण, शेवटचं पत्र कधी धाडलं, सगळं विचारलं. तो सांगोल्याकडचा होता, भावकीत भांडून निघून आलेला, आणि तीन वर्षांत त्यानं घरी एक ओळ कळवली नव्हती. मामांच्या खिशात कोरं पोस्टकार्ड होतंच. त्यांनी ते माझ्यापुढं केलं. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो, आणि स्टेशनवरच्या पेटीत मामांनी स्वतःच्या हातानं कार्ड टाकलं.

"न्हवता," गाडीत बसल्यावर ते म्हणाले. पुडक्याची सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाले, "चार दिसांनी त्याच्या घरी म्हनतील, सापडला."

डबा जवळजवळ रिकामा होता, हवं तिथं बसता आलं असतं. मामा माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते. सोलापूर येईपर्यंत मी जागचा हललो नाही.